सकाळी आधी कालचे, मग आजचे

रोज सकाळी काहीतरी नवे शिकायचे असा निश्चय करणारे लोक आपल्याभोवती पुष्कळ असतात आणि त्यांतले बरेच जण काही आठवड्यांतच तो निश्चय सोडून देतात. त्यांच्या मनोबलात काही उणे असते म्हणून असे होते, असे मला वाटत नाही. आपण सकाळची वेळ ठरवतो, गजर लावतो, पुस्तक टेबलावर काढून ठेवतो, परंतु त्या वेळात नेमके काय करायचे हे मात्र ठरवत नाही. मग सुरुवातीला उत्साहाने पाने उलटली जातात, महिन्याभराने मागे वळून पाहिले तर त्यातले फारसे काही आठवत नाही, आणि ज्या कामातून काही हाती लागत नाही ते काम कोणीही फार दिवस करत नाही. गेली काही वर्षे सकाळचा अर्धा-पाऊण तास मी शिकण्यासाठी राखून ठेवत आले आहे. या काळात माझी एका गोष्टीविषयी खात्री पटली आहे आणि तीच येथे मांडायची आहे. सकाळच्या अभ्यासाची सुरुवात नव्या पानाने करू नये. काल जे शिकलो ते काहीही न पाहता कोऱ्या कागदावर मांडून करावी. नव्या भागाला हात त्यानंतर घालावा.

ही पद्धत सकाळीच का साधते, हे समजण्यासाठी सकाळीविषयीच्या काही समजुती आधी बाजूला ठेवाव्या लागतात. पहाटे उठणे म्हणजे सद्गुण आणि उशिरा उठणे म्हणजे आळस, अशी विभागणी आपल्या मनात इतकी रुजलेली असते की सकाळी शिकणे म्हणजे पहाटे चार-पाचला उठणे, असेच बहुतेकांना वाटते. या विचाराच्या बाजूने नेहमी बेंजामिन फ्रँकलिनचे उदाहरण दिले जाते आणि ते खोटे नाही. आत्मचरित्रात त्याने स्वतःच्या दिवसाचे जे वेळापत्रक दिले आहे त्यात पहाटे पाच ते आठ या वेळात उठणे, प्रार्थना, दिवसाची आखणी यांच्या जोडीला हाती घेतलेला अभ्यास पुढे नेणे हेही स्पष्ट लिहिलेले आहे. परंतु याच्या उलट बाजूचे उदाहरणही तितकेच ठळक आहे. रेने देकार्त या तत्त्वज्ञाला सकाळी उशिरापर्यंत अंथरुणात पडून विचार करण्याची आयुष्यभराची सवय होती. १६४९ मध्ये स्वीडनची राणी क्रिस्टिना हिच्या निमंत्रणावरून तो स्टॉकहोमला गेला आणि राणीने तत्त्वज्ञानाच्या पाठांसाठी पहाटे पाचची वेळ नेमून दिली. ऐन हिवाळ्यात ते पाठ सुरू झाले आणि फेब्रुवारी १६५० मध्ये न्यूमोनियाने त्याचा मृत्यू झाला. त्याच्या मृत्यूचे खापर केवळ त्या वेळेवर फोडता येणार नाही, पण ज्याच्या विचारांनी पुढच्या कित्येक शतकांना वळण लावले त्या माणसाची बुद्धी पहाटेच्या गजरावर अवलंबून नव्हती, एवढे तरी यातून दिसते.

झोपण्या-उठण्याचा कल माणसागणिक वेगळा असतो आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. तरुण वयात तो रात्रीकडे झुकतो, वय वाढते तसा सकाळीकडे सरकतो. म्हणून 'सकाळ' हा शब्द मी येथे घड्याळातल्या एखाद्या आकड्यासाठी वापरत नाही. झोप पुरी करून उठल्यानंतर, दिवसाची कामे अंगावर येण्याआधी जी मोकळी वेळ मिळते ती सकाळ. रात्रपाळी करणाऱ्या माणसाची ती दुपारी येते, तान्हे मूल असलेल्या घरात ती रोज वेगळ्या वेळी येते, आणि तरीही पुढे जे सांगायचे आहे ते सगळे तिला लागू पडते. झोपेतून उठल्याबरोबर मात्र पुस्तक उघडू नये. जाग आल्यावरही मेंदू काही काळ पूर्ण जागा झालेला नसतो. ही गुंगी साधारणपणे अर्ध्या तासात ओसरते, कधी त्याहून अधिक वेळ घेते, आणि त्या अवधीत स्मरण आणि निर्णय दोन्ही मंद चालतात. तोंड धुणे, आवराआवर करणे, थोडे चालणे, उजेडात उभे राहणे या गोष्टी आधी उरकाव्यात.

सकाळीचे खरे बळ पहाटेच्या शांततेपेक्षा तिच्या आधी सरलेल्या रात्रीत आहे.

विस्मरणाचा पहिला काटेकोर अभ्यास हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने केला आणि १८८५ मध्ये तो प्रसिद्ध केला. प्रयोगाचा विषय तो स्वतःच होता. त्याने काहीही अर्थ नसलेल्या अक्षरसमूहांच्या याद्या पाठ केल्या, ठरावीक अंतराने त्याच याद्या पुन्हा पाठ करून पाहिल्या, आणि दुसऱ्या खेपेला किती वेळ वाचला ते मोजले. वीस मिनिटांनंतर सुमारे ५८ टक्के श्रम वाचत होते, तासाभराने ४४ टक्के, एका दिवसाने ३४ टक्के. म्हणजे शिकलेल्या गोष्टीची मोठी गळती पहिल्या काही तासांतच होऊन जाते आणि त्यानंतर ती हळूहळू मंदावते. अर्थपूर्ण मजकूर अर्थहीन अक्षरांपेक्षा पुष्कळ अधिक टिकतो हे खरे, तरी उतरणीचा आकार तोच राहतो.

त्यानंतर जवळपास चाळीस वर्षांनी, १९२४ मध्ये, जॉन जेंकिन्स आणि कार्ल डॅलेनबाख यांनी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात एक छोटा प्रयोग केला. दोन विद्यार्थ्यांना अशाच अर्थहीन अक्षरांच्या याद्या पाठ करायला दिल्या. कधी त्या पाठ केल्यावर ते झोपत, कधी जागे राहून रोजची कामे करत, आणि एक, दोन, चार किंवा आठ तासांनी त्यांना काय आठवते ते पाहिले जाई. तेवढ्याच तासांनंतर, झोपेतून उठवल्यावर त्यांना जे आठवे ते जागेपणीच्या तुलनेत बरेच अधिक होते. दिवसभराचे नवे अनुभव आधीच्या आठवणींवर थर चढवतात आणि झोपेत तसे होत नाही, असा त्याचा अर्थ त्या काळी लावला गेला. पुढे हे चित्र अधिक स्पष्ट झाले. १९९४ मध्ये उंदरांवर झालेल्या संशोधनात असे दिसले की जागेपणी एखाद्या जागी फिरताना मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागातल्या ज्या पेशी एकत्र सक्रिय झालेल्या असतात, त्याच पेशी नंतरच्या गाढ झोपेत पुन्हा एकत्र सक्रिय होतात. झोपेत शिकलेल्या गोष्टीचे केवळ रक्षण होत नाही, तिच्यावर कामही होते, असे आज मानले जाते.

या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की सकाळ ही उजळणीसाठी किती योग्य वेळ आहे हे कळते. काल शिकलेल्यातले जे वरवरचे होते ते एव्हाना गळून गेलेले असते, जे मुरायचे ते रात्रीत मुरलेले असते, आणि आजच्या दिवसाने त्यावर अजून काहीही टाकलेले नसते. आपल्याला खरोखर काय येते हे पाहण्यासाठी यापेक्षा प्रामाणिक क्षण दिवसात दुसरा मिळत नाही. रात्री झोपण्यापूर्वी, वाचून नुकतेच बाजूला ठेवलेले पान आठवून पाहिले तर सगळेच येते असे वाटते, आणि ते वाटणे फसवे असते.

आता प्रत्यक्ष कागदावर काय घडते ते एका उदाहरणाने दाखवते. मूळ संख्या कधीच संपत नाहीत हे युक्लिडने सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी सिद्ध केले. त्याची सिद्धता इतकी लहान आहे की कोणालाही एका बैठकीत वाचून समजते. मूळ संख्यांची कितीही लांब पण संपणारी यादी घ्या, यादीतल्या सगळ्या संख्यांचा गुणाकार करा आणि त्यात १ मिळवा. या नव्या संख्येला यादीतल्या कोणत्याही संख्येने भागले तरी बाकी १ उरते. म्हणून यादीबाहेर आणखी एखादी मूळ संख्या असलीच पाहिजे. वाचताना मान डोलावली जाते, पान उलटले जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोरा कागद समोर घ्यावा आणि हीच सिद्धता लिहायला बसावे. यादी येते, गुणाकार येतो, १ मिळवणेही येते. त्यानंतर बहुतेकांच्या लेखणीतून एक वाक्य आपोआप उतरते, की 'म्हणून ही नवी संख्या मूळ आहे'. हात येथे थांबवावा आणि विचारावे की ती खरोखरच मूळ असते का. २, ३, ५, ७, ११ आणि १३ यांचा गुणाकार ३००३० होतो, त्यात १ मिळवला की ३००३१. ही संख्या मूळ नाही, कारण ५९ गुणिले ५०९ म्हणजे नेमके ३००३१. मग सिद्धता कोसळली का? मुळीच नाही. ५९ आणि ५०९ या दोन्ही मूळ संख्या आहेत आणि दोन्ही आपल्या यादीत नव्हत्या. युक्लिडचे म्हणणे एवढेच आहे की नव्या संख्येचा निदान एक मूळ अवयव यादीबाहेरचा असतो. मग ती संख्या स्वतः मूळ असो वा नसो. सिद्धतेचा सगळा जीव या बारीक फरकात आहे. आदल्या दिवशी वाचताना डोळे त्यावरून घसरत पुढे गेले होते, कारण छापील पानावर पुढचे वाक्य तयार असते आणि ते आपल्याला थांबू देत नाही. कोऱ्या कागदावर पुढचे वाक्य नसते, म्हणून तेथे थांबावेच लागते.

आठवण्याचा हा प्रयत्न म्हणजे शिकून झाल्यावरची परीक्षा असे आपण शाळेपासून मानत आलो आहोत, पण तो शिकण्याचाच भाग आहे आणि बहुधा सर्वांत परिणामकारक भाग आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काही वेळा त्यांनी तोच उतारा दुसऱ्यांदा वाचला, काही वेळा दुसऱ्यांदा वाचण्याऐवजी त्यातले आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचलेल्या उताऱ्यांचे पारडे जड होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत मात्र चित्र उलटले: लिहून काढलेल्या मजकुरातले सुमारे ५६ टक्के टिकले होते, पुन्हा वाचलेल्यातले ४२ टक्के. पुन्हा वाचण्याने आत्मविश्वास वाढतो, आठवण्याने ज्ञान वाढते. हा भेद आपल्याला आतून जाणवत नाही, म्हणूनच माणसे पुन्हा पुन्हा वाचत राहतात आणि अभ्यास करूनही काही येत नाही म्हणून खंतावतात.

माझी रीत अशी आहे. पहिली दहा मिनिटे पुस्तक मिटलेले असते. कागदाच्या वर कालचा विषय एका ओळीत लिहायचा आणि त्याखाली आठवेल ते सगळे उतरवायचे. क्रम चुकला तरी चालतो, आकृती काढली तरी चालते, जेथे काही आठवत नाही तेथे जागा मोकळी सोडायची. मोकळी जागा सोडणे महत्त्वाचे आहे, कारण 'येथे काहीतरी होते' एवढे आठवणे हीसुद्धा अर्धी आठवण असते. त्यानंतर पुस्तक उघडून त्या जागा वेगळ्या शाईने भरायच्या. ही दुसऱ्या रंगाची अक्षरे म्हणजे आपला त्या दिवसाचा खरा अभ्यास. आठवड्याभराचे कागद एकत्र ठेवून पाहिले की कोणत्या ठिकाणी तोच रंग पुन्हा पुन्हा येतो ते दिसते आणि आपली समज नेमकी कोठे कच्ची आहे हे दुसऱ्या कोणी सांगावे लागत नाही. ही दहा मिनिटे सुखाची नसतात, हे मोकळेपणाने सांगायला हवे. आठवायला ताण पडतो, आणि तो पडलाच पाहिजे. रॉबर्ट ब्यॉर्क या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने अशा अडचणींना इष्ट अडचणी म्हटले आहे: ज्यांमुळे शिकणे त्या क्षणी अवघड होते पण पुढे जाऊन पक्के होते.

हीच रीत इतर विषयांनाही थोडा फेरफार करून लावता येते. परकी भाषा शिकत असाल तर शब्दांची कार्डे उपयोगी पडतात, आणि ती पाहण्याचा क्रम ठरवण्यासाठी सेबास्टियन लाइटनर या जर्मन-ऑस्ट्रियन लेखकाने १९७० च्या दशकात रूढ केलेली कप्प्यांची पेटी आजही उत्तम आहे. ज्या कार्डाचे उत्तर आले ते पुढच्या कप्प्यात जाते आणि तो कप्पा अधिक दिवसांच्या अंतराने उघडला जातो; ज्याचे आले नाही ते पुन्हा पहिल्या कप्प्यात परतते आणि दुसऱ्या दिवशी समोर येते. वाद्य शिकत असाल तर स्वरलिपी उघडण्याआधी कालचा तुकडा आठवणीने वाजवून पाहावा. चित्रकलेत कालची वस्तू समोर नसताना काढावी, मग ती वस्तू शेजारी ठेवून रेषा कोठे फसली ते पाहावे. संगणकाची एखादी भाषा शिकत असाल तर काल नकलून घेतलेली आज्ञावली आज कोऱ्या पडद्यावर लिहून चालवून पाहावी. साधन बदलते, पण उत्तर पाहण्याआधी स्वतः देऊन पाहायचे हे सूत्र सगळीकडे तेच राहते.

मग नवे किती घ्यावे? या प्रश्नावर बहुतेकांची गाडी अडते, कारण उत्साहाच्या भरात घास मोठा घेतला जातो. मी एकच माप वापरते: उद्या सकाळी एका कागदावर आठवून लिहिता येईल, तेवढेच आज घ्यायचे. या मापाने पाहिले तर रोजचा वाटा आश्चर्य वाटावे इतका लहान निघतो. व्याकरणाचा एखादा नियम आणि त्याची चार-पाच उदाहरणे, एखादी सिद्धता, एखाद्या ऐतिहासिक घटनेची कारणपरंपरा. लहान वाटा रोज घेण्याचा फायदा एबिंगहाउसलाही दिसला होता. एका दिवसात सलग केलेल्या ६८ आवृत्त्यांनी जे साधत होते ते तीन दिवसांवर विभागलेल्या ३८ आवृत्त्यांनी साधते, असे त्याने नोंदवले आहे.

याच संदर्भात मला अ‍ॅलन बॅडली आणि लाँगमन यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास फार महत्त्वाचा वाटतो. ब्रिटनच्या टपाल खात्यातल्या कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवायचे होते. त्यांचे चार गट केले गेले. एका गटाला दिवसातून एकदा एक तास, दुसऱ्याला दोनदा एक-एक तास, तिसऱ्याला एकदा दोन तास आणि चौथ्याला दोनदा दोन-दोन तास सराव मिळत होता. एकूण तासांच्या हिशेबात सर्वांत कमी वेळात शिकला तो रोज एकच तास करणारा गट. आणि आपल्या सरावाबाबत सर्वांत असमाधानी होता तोही हाच गट, कारण रोज चार तास करणारे सहकारी दिनदर्शिकेवर त्यांच्या पुढे दिसत होते. सकाळी थोडे थोडे शिकणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावे. आपण फार हळू चाललो आहोत ही हुरहुर या पद्धतीच्या सोबतच येते आणि ती पद्धत चुकत असल्याची खूण नव्हे. तास मोजले तर आपण पुढे असतो, दिवस मोजले तर मागे. ज्याला पुढच्या महिन्यात परीक्षा द्यायची आहे त्याने दिवस मोजावेत. ज्याला आयुष्यभर शिकायचे आहे त्याला घाई कशाची?

रोज काहीतरी नवे शिकणे याचा आणखी एक अर्थ अलीकडे रूढ झाला आहे आणि तो मला मान्य नाही. रोज सकाळी फोनवर एखादी रंजक माहिती येते, एखादी पाच मिनिटांची चित्रफीत येते, आज समुद्राच्या तळाविषयी, उद्या एखाद्या राजघराण्याविषयी, परवा मधमाश्यांविषयी. हे पाहायला छान वाटते आणि त्यात वाईट काही नाही, परंतु त्याला शिकणे म्हणता येत नाही. कालचे आणि आजचे यांत काही नातेच नसेल तर कालचे आठवून आजच्याला काहीही मदत होत नाही, आणि मदत होत नाही म्हणून ते आठवलेही जात नाही. विषय एकच धरावा आणि तो निदान काही महिने सोडू नये. फ्रँकलिनने १७३३ मध्ये भाषांचा अभ्यास सुरू केला तेव्हा आधी फ्रेंच, ती येऊ लागल्यावर इटालियन, मग स्पॅनिश असा क्रम धरला. इटालियन शिकणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांशी तो बुद्धिबळ खेळत असे आणि खेळात अभ्यासाचा वेळ जाऊ लागला, तेव्हा त्याने अट घातली की प्रत्येक डावात जिंकणाऱ्याने हरणाऱ्याला व्याकरणाचा भाग पाठ करण्याचे किंवा भाषांतराचे काम द्यावे आणि पुढच्या भेटीपूर्वी ते पुरे झालेच पाहिजे. दोघेही तुल्यबळ होते, त्यामुळे दोघांचीही इटालियन सुधारली. शिकण्यात सोबती असला आणि त्याला आपण आठवून काही सांगणे लागत असलो तर केवढा आधार मिळतो, हे या छोट्याशा हकिकतीत आहे.

सवय लागण्याविषयी २१ दिवसांची जी समजूत प्रचलित आहे तिच्यावर विसंबू नये. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ व्यक्तींचा बारा आठवडे पाठपुरावा केला. प्रत्येकाने रोजच्या एखाद्या प्रसंगाला जोडून एक नवी कृती करायची होती. कृती आपोआप घडू लागायला लागलेल्या काळाचा मध्यक ६६ दिवसांचा निघाला, पण माणसामाणसांतला फरक १८ दिवसांपासून, नोंदींवरून पुढच्या काळासाठी बांधलेल्या अंदाजानुसार, २५४ दिवसांपर्यंत होता. कृती जितकी गुंतागुंतीची तितका वेळ अधिक, त्यामुळे शिकण्यासारख्या गोष्टीला महिने लागले तर त्यात अस्वाभाविक काही नाही. मला यातला दुसरा निष्कर्ष अधिक दिलासा देणारा वाटतो: एखाद्या दिवशी खंड पडल्याने सवय जडण्याच्या वाटचालीवर लक्षणीय परिणाम झाला नाही. एक दिवस चुकला म्हणून सगळेच मोडले असे मानून हात आखडता घेणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्या एका दिवसापेक्षा त्या समजुतीनेच त्यांचे अधिक नुकसान झाले.

कृती एखाद्या प्रसंगाला जोडणे हे मात्र अतिशय महत्त्वाचे आहे. 'मी सकाळी अभ्यास करीन' हा संकल्प पुरेसा होत नाही. 'दात घासून झाले की मी खिडकीजवळच्या टेबलाशी बसेन आणि कालचे लिहीन' असा संकल्प टिकतो, कारण त्यात कधी, कोठे आणि काय या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आधीच दिलेली असतात. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने अशा 'अमुक झाले की तमुक करीन' स्वरूपाच्या संकल्पांचा दीर्घ अभ्यास केला आहे आणि नुसत्या ध्येयापेक्षा ते कृतीत उतरण्याची शक्यता अधिक असते असे दाखवले आहे. यासाठी कागद आणि दोन रंगांची पेने रात्रीच टेबलावर ठेवावीत, पुस्तक मिटून बाजूला ठेवावे. फोन दुसऱ्या खोलीत असावा. अभ्यासाआधी संदेश पाहिले की दिवस तेथेच सुरू होतो आणि रात्रीने जपून आणलेल्या आठवणींवर पहिला थर चढतो. लिहून होईपर्यंत ते थांबवले तर कोणाचेही काही बिघडत नाही.

झोप कापून मात्र हे कधीही करू नये. प्रौढ माणसाला निदान सात तासांची झोप हवी असे निद्राविज्ञानातील तज्ज्ञ सांगतात. ज्या झोपेच्या जोरावर ही सगळी पद्धत उभी आहे तीच कमी करून सकाळचा वेळ काढणे म्हणजे मुळावरच घाव घालणे होय. सकाळी अर्धा तास हवा असेल तर आधी रात्रीची वेळ अर्धा तास अलीकडे आणावी, ती काही आठवडे स्थिरावू द्यावी, आणि मग गजर बदलावा. हे ज्यांना परिस्थितीमुळे शक्य नाही त्यांनी दहाच मिनिटे घ्यावीत. दहा मिनिटांत कालचे आठवून लिहिणे पुरे होते. नवा भाग दुपारी, प्रवासात, संध्याकाळी, केव्हाही वाचता येतो. वेळ अपुरा असेल त्या दिवशी नवे सोडावे, कालचे सोडू नये. माझ्या मते या सगळ्यात एकच गोष्ट खऱ्या अर्थाने सकाळीची आहे आणि ती हीच.

शेवटी मोठ्या खंडाविषयी. आजारपण येते, घरात कोणाची शुश्रूषा करावी लागते, कामाचे ओझे वाढते आणि अभ्यास कित्येक आठवडे बंद पडतो. अशा वेळी परतताना माणसे पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून उघडतात, आणि तेच तेच सोपे भाग वाचून कंटाळतात. याची गरज नसते. एबिंगहाउसच्या प्रयोगात एकतीस दिवसांनंतरही सुमारे २१ टक्के श्रम वाचत होते, आणि तेही अर्थहीन अक्षरांच्या बाबतीत. जे समजून शिकलो आहोत ते याहून पुष्कळ अधिक शिल्लक असते, वरवर काहीही आठवत नसले तरी. म्हणून खंडानंतरच्या पहिल्या सकाळी पुस्तक मिटलेलेच ठेवावे, कोऱ्या कागदावर त्या विषयातले जे जे सुचेल ते लिहीत जावे, आणि जेथे धागा तुटतो त्या जागेपासून वाचायला घ्यावे.